ज्वारीच्या पानाची धार

बायांनो, औंढ्याहून बोलतेय. ज्वारी काढताना पानाच्या कडेनं हाताला चिरे पडतात, हे तुम्हाला सांगायला नको. ती धार सिलिकॉनची. वाळूत, गारगोटीत असतं तेच हे. ते मातीतल्या पाण्यात विरघळून मुळांवाटे वर चढतं आणि पानाच्या सालीत काचेसारखे बारीक कण होऊन बसतं.

आपल्या हाताला लागतं, तेच अळीच्या तोंडाला लागतं. कुरतडताना तिचे जबडे झिजतात, खाल्लेलं नीट पचत नाही, वाढ खुंटते. खोडकिड्याच्या अळीला खोडात शिरायला वेळ लागतो. तेवढ्यात मित्रकीटक तिला गाठू शकतात. शिवाय कीड लागल्यावर झाड स्वतःच्या बचावाची रसायनं बनवतं. सिलिकॉन मिळालेलं झाड ती लवकर बनवतं, असं संशोधनात दिसलंय.

आता पैशाचं बोलू. मागच्या खरिपात आमच्या गटातल्या एका ताईनं कर्ज काढून सोयाबीनला सिलिकॉनची बाटली आणली. दुकानदार म्हणाला होता, अळी येणारच नाही. अळी आली. फवारणी करावीच लागली, कर्ज राहिलं ते वेगळंच. त्या कर्जाच्या ठरावावर माझी सही होती. मी काहीच विचारलं नव्हतं. नंतर कळलं की ऊस, भात, ज्वारी, गहू ही गवताच्या कुळातली पिकं सिलिकॉन भरपूर घेतात. सोयाबीन, तूर, कापूस त्यामानानं कमी. आणि हे विष नाही. आलेली अळी त्यानं मरत नाही. झाड आधीपासून कणखर होतं.

म्हणून तीन गोष्टी करा. उसाचं पाचट जाळू नका, रानातच कुजवा; पानातलं सिलिकॉन जमिनीला परत मिळतं. भाताच्या तुसाची राख किंवा विकतचं खत टाकण्याआधी माती तपासा आणि तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. आपल्याकडच्या बऱ्याच जमिनी आधीच चुनखडीच्या आहेत. तिसरं, ज्वारीच्या चारच तासांना देऊन पाहा, शेजारचे चार तसेच ठेवा. महिन्यानं दोन्हीकडची शंभर-शंभर झाडं मोजा, पोंगे किती मेले ते वहीत लिहा. वही बैठकीत आणा. फरक दिसला तरच कर्जाचा ठराव.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. पंपाला पाणी आणतो आपण, औषधाचे कपडे धुतो आपण. एक फवारणी टळली, तरी घरातल्या सगळ्यांचा एक धोका टळला.