इंग्रजीचे जड शब्द आणि आपली मुले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी विषय कळविला तेव्हा चिटणीसबाई म्हणाल्या, "अहो, वर्धापनदिनाला आलेल्या बायकांना दहावीचे इंग्रजी शब्द कशाला?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण समोर बसलेल्यांपैकी निम्म्या तरी नववी-दहावीच्या मुलांच्या आया आहेत, आणि जिन्यात भेटल्या की सगळ्यांची तक्रार एकच असते. पोर रात्री बारापर्यंत गाईड घेऊन बसते, शब्द घोकते, सकाळी विचारावे तर पाटी कोरी. आणि आम्हांला इंग्रजी येत नाही, मग आम्ही काय मदत करणार? या तक्रारीतला शेवटचा भाग मला कबूल नाही. तेवढ्यासाठी मी आज उभी राहिले आहे.

माझा अधिकार म्हणाल तर फार मोठा नाही. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, घरातली मिळकत थांबली, तेव्हा जुन्या एस. एस. सी.च्या बळावर मी चाळीतल्या मुलांच्या शिकवण्या धरल्या. त्या अजून चालू आहेत. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून होते. २००० सालापासून ते पहिलीपासून झाले. वर्षे वाढली, पण मोठा शब्द दिसला की मुलांचा चेहरा तेव्हा जसा पडायचा तसाच आजही पडतो.

एक प्रसंग सांगते. नावे सांगत नाही. आपल्याच वस्तीतल्या एका बाईंच्या घरी एका कचेरीची नोटीस आली. सगळी इंग्रजीत. मुलगा हुशार, दहावीला इंग्रजीत चांगले गुण मिळविलेला. आईने कागद त्याच्या हाती दिला. त्यात 'व्हेकेट' हा शब्द होता. पोराला 'व्हेकेशन' ठाऊक होते, म्हणून तो म्हणाला, "काहीतरी सुट्टीचे लिहिले आहे." 'अरिअर्स' म्हणजे त्याला 'एरिया' वाटला. आईने कागद देवाच्या तसबिरीमागे ठेवून दिला. वास्तविक थकबाकी भरा, नाहीतर जागा खाली करा, असा तो मजकूर होता. उत्तराची मुदत टळून गेल्यावर कोणीतरी वाचून दाखविला. मग धावाधाव, उसनवारी आणि रडारड. जागा वाचली, पण त्या मुलाने पुढे कितीतरी दिवस माझ्याकडे मान वर करून पाहिले नाही.

बहिणींनो, मला त्या मुलाचा राग आला नाही, माझाच आला. कारण तो पुरता चुकला नव्हता! 'व्हेकेशन' आणि 'व्हेकेट' हे सख्खे भाऊच आहेत. दोघांच्या मुळाशी 'रिकामे' हा अर्थ आहे. शाळा रिकामी ती व्हेकेशन, जागा रिकामी करणे ते व्हेकेट, रिकामी खुर्ची व्हेकंट, हवासुद्धा नसलेली पोकळी व्हॅक्युम, आणि पुरात वस्ती हलवून गाव रिकामे करतात ते इव्हॅक्युएट. पोराने घर बरोबर हुडकले, दार मात्र चुकले. हे घराणे मी त्याला कधी दाखविलेच नव्हते. पाच निरनिराळे शब्द म्हणून पाचदा पाठ करायला लावले होते.

आता हे घराणे ओळखणे काही नवीन नाही. मराठीच्या व्याकरणात मुले तेच शिकतात. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार: मूळ एक 'हृ', म्हणजे नेणे, पुढचा उपसर्ग बदलला की अर्थ बदलला. इंग्रजीत 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणे. आत आणणे इंपोर्ट, बाहेर नेणे एक्स्पोर्ट, देशाबाहेर घालविणे डिपोर्ट, बातमी परत आणून देणे रिपोर्ट, खालून उचलून धरणे सपोर्ट. ओझे वाहणारा तो पोर्टर. शिवडीत राहून ज्यांच्या घरी वाडवडिलांनी गोदीत माल उचलला, त्यांच्या मुलांना हा शब्द परका वाटावा, हे आश्चर्यच.

आणि 'ट्रान्स' हा उपसर्ग तर आपल्या दारात उभा आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला, शिवडीहून न्हावा-शेव्याकडे जाणारा जवळजवळ बावीस किलोमीटरांचा पूल, त्याचे इंग्रजी नाव ट्रान्स हार्बर लिंक. ट्रान्स म्हणजे पलीकडे. माल पलीकडे नेणे ट्रान्सपोर्ट, नोकरीत पलीकडे पाठविणे ट्रान्सफर, एका भाषेतून पलीकडच्या भाषेत नेणे ट्रान्सलेट, आरपार पलीकडचे दिसते ते ट्रान्सपरंट. मी मुलांना गच्चीवर नेऊन पूल दाखविला आणि म्हटले, सांगा अजून. एका मुलीने 'ट्रान्सफॉर्मर' सांगितला, कारण तो आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. तसेच थंडीत आपल्या खाडीच्या चिखलात येत आलेले ते गुलाबी रोहित पक्षी, त्यांना 'मायग्रेटरी' म्हणतात. कोकणातून, घाटावरून पोटासाठी मुंबईला आलेले आपले आजोबाही तेच करून आले. एवढे सांगितले की 'इमिग्रेशन' पाठ करावा लागत नाही.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. दिसण्यात सारखे ते सगळे नातलग नव्हेत. 'फेमस' आणि 'फॅमिली' यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. म्हणून ओळख पटविण्याआधी शब्दकोश उघडायचाच.

अजून एक गंमत. १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्स या न्यायाधीशाने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून आल्या असाव्यात, असे भाषणात मांडले. इंग्रजीचे पुष्कळसे जड शब्द लॅटिनचे, म्हणून त्यांत आपल्या ओळखीचे चेहरे भेटतात. डेंटिस्टमध्ये दंत आहे, मॉर्टलमध्ये मृत्यू, इग्नाइटमध्ये अग्नी, पेडेस्ट्रियनमध्ये पद. खुद्द 'व्होकॅब्युलरी' या शब्दात आपली वाचा बसली आहे. यावरून सगळी इंग्रजी संस्कृतातून निघाली असे कोणी सांगू लागला, तर त्याला चहा द्यावा आणि विषय बदलावा. या एका आजीच्या नाती आहेत. एक दुसरीची आई नव्हे. उसनवारी मात्र दोन्हीकडून झाली. इंग्रजांनी आपले मुंगूस नेले आणि त्याचे 'मंगूस' केले.

कोणी म्हणेल, आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत हे सारे कसे जमायचे? त्यावर जवळचेच उदाहरण देते. परळच्या डबक चाळीत एका खोलीत सुभेदार रामजी आंबेडकरांचा संसार होता. मुलाला झोपायला जागा आणि अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून ते त्याला लवकर निजवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला अभ्यासाला उठवून आपण आडवे होत. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला हे सारे त्यांनी भीमरावांकडून करून घेतले. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला. पुढचे मी सांगायला नको. पाठांतराला मी नावे ठेवीत नाही. पण पाठमालेत सुटा शब्द नसतो, वाक्य असते, आणि ते मराठीतून इंग्रजीत व इंग्रजीतून मराठीत, दोन्ही बाजूंनी उलटावे लागते. आजच्या गाईडात डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, मध्ये नुसती रेघ. त्या रेघेवरून मुले घसरतात.

आता आईचे काम. तुम्ही इंग्रजी वाचू नका. जेवताना फक्त विचारा, "आज कोणता शब्द आला? त्याला आपल्यात काय म्हणतात? त्याचे भाऊबंद कोण? आपल्या घरातले एक वाक्य करून दाखव." मुलाने मराठीत नीट सांगितले तर त्याला शब्द आला, अडखळला तर नाही आला. हे ओळखायला इंग्रजी लागत नाही. रोज तीन शब्द पुरे. पंधरा लिहून घेणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. त्यांची वही भरते, इतकेच. आणि इंग्रजी माध्यमाची मुले असणाऱ्यांनीही हसू नये. फाडफाड बोलणाऱ्या पोरांना मी 'अरिअर्स' विचारला आहे.

तुमच्यापैकी कोणाला स्वतःलाच शिकावेसे वाटले तर लाजू नका. रमाबाई रानडे लग्नानंतर, घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची बोलणी खात इंग्रजी शिकल्या. ते सारे त्यांनी १९१० च्या आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. आपल्याला बोलणारे आता राहिलेच कोण? सुना तर आपल्याच बाजूच्या.

ती नोटीसवाली बाई आज इथेच बसली आहे. तिच्या संमतीनेच मी हे बोलले. तिचा मुलगा आता माझ्या वर्गात लहान मुलांना 'व्हेकेट'चे घराणे फळ्यावर काढून दाखवितो. बुधवारी संध्याकाळी सात वाजता मंडळाच्या खोलीत वर्ग असतो. येताना गाईड आणू नका. घरात आलेला एखादा इंग्रजी कागद आणा: विजेचे बिल, औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी, बँकेचे पत्र. तसबिरीमागे काही ठेवलेले असेल तर तेही काढून आणा.