मिरजेच्या सभेतील एक रात्र
(मंडळाच्या कबनूर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मी वादक आहे, वक्ता नव्हे. ज्याचे सारे आयुष्य दुसऱ्याच्या गाण्यास तबल्याची साथ करण्यात गेले, त्याला एकट्याने बोलावयास उभे करणे ही एक परीक्षाच म्हणावयाची. तथापि आपल्या चिटणीसांचा आग्रह असा पडला की, मिरजेच्या संगीत सभेत मी पहिल्यानेच हजेरी लावली त्या रात्रीची हकीकत आपल्या मुलामुलींच्या कानी जावी. हकीकत मोठी नाही; परंतु तिचा संबंध आपल्या घराघरांतील एका जुन्या दुखण्याशी आहे, आणि केवळ एवढ्यासाठीच ती सांगण्याचे मी मान्य केले.

आपल्या समाजाकडे परंपरेने कोणती कामे आली, हे येथे जमलेल्या वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. देवळाची झाडलोट व पूजा, घरोघर बेल पोहोचविणे, कार्याच्या घरी पत्रावळी व द्रोण पुरविणे आणि देवाच्या दारी वाद्य वाजविणे, ही बलुतेदार म्हणून आपली सेवा. माझे आजोबा कबनुरातच ही सेवा करीत. पहाटे व सायंकाळी देवळात नगारा आणि लग्नसराईत सनई, असा त्यांचा क्रम असे. सनईवर त्यांचा हात चांगला होता, असे जुनी माणसे सांगत.

१९४३ च्या सुमारास, माझे वडील अकरा वर्षांचे असताना, ते आजोबांबरोबर शेजारच्या एका गावी लग्नाला गेले. आजोबांची सनई होती आणि वडिलांच्या गळ्यात संबळ होता. त्या लग्नाच्या पत्रावळीही आमच्याच घरी लावलेल्या होत्या. आजीने व आत्याने चार रात्री बसून त्या टाचल्या होत्या. पहाटेपासून वाजविणे चालले होते. दुपारी पंगती बसू लागल्या. पहिली उठली, दुसरी उठली, तिसरी उठली. पोराने दोनदा भूक लागल्याचे सांगितले व आजोबांनी दोन्ही वेळा त्याला डोळ्यांनीच गप्प केले. शेवटी दिवस कलताना गोठ्याच्या बाजूला त्यांना वाढण्यात आले, आणि तेही पातेल्याच्या बुडाशी उरलेले. आमच्याच हातच्या पत्रावळीवर, आमच्याच वाजविण्याने साजऱ्या झालेल्या कार्यात, आम्हीच शेवटचे! वडिलांनी त्या दिवसानंतर संबळास हात लावला नाही. आजोबांच्या मागे सनई खुंटीवर टांगली गेली ती टांगलीच राहिली.

पुढे वडील इचलकरंजीत मागावर जाऊ लागले. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, त्यानंतर आसपासच्या किती गावांच्या किती बलुतेदारांना त्या उद्योगाने अन्न दिले, हे आपण जाणताच. वडील म्हणत, "कापड विणणाऱ्याला कोणी पंगत विचारीत नाही. हप्ता हातात पडतो आणि आपण आपल्या घरी जेवतो." त्यांच्या या बोलण्यात कटुता होती, पण असत्य काही नव्हते. त्यांच्यासारखीच वाद्ये खुंटीला लावणारी घरे आपल्या समाजात थोडीथोडकी नाहीत. त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

परंतु रक्तातील ओढ सहजासहजी जात नाही. इचलकरंजी ही बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांची नगरी. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजविणारा हा थोर गवई या संस्थानच्या आश्रयास होता, आणि विष्णु दिगंबर पलुसकरांसारखा शिष्य त्यांच्याकडे मिरजेत घडला. अशा मुलखात वाढलेल्या पोराच्या कानावर चार सूर पडणारच. भजनी मंडळात मी आधी टाळ धरला, मग मृदंगाजवळ सरकलो, आणि सोळाव्या वर्षी एस. टी. ने मिरजेस जाऊन एका वृद्ध उस्तादांकडे तबला शिकू लागलो. वडिलांपासून हे फार दिवस लपले नाही. मला वाटले, मार बसेल. तो बसला नाही. त्यांनी एकच अट घातली, "जेथे वाजविणाऱ्याचे पान वेगळे मांडतात, तेथे तू वाजवावयाचे नाहीस." ती अट मी मान्य केली.

आता त्या सभेविषयी. संगीतरत्न अब्दुल करीम खाँसाहेबांचा जन्म १८७२ साली उत्तर हिंदुस्थानातील कैराना येथे झाला. त्या गावावरूनच त्यांच्या घराण्यास किराणा हे नाव मिळाले. बडोद्याचा दरबार सोडून ते दक्षिणेकडे आले, १९१३ साली पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढले, आणि पुढे मिरज हेच त्यांचे घर झाले. कृष्णाजी बल्लाळ देवलांच्या श्रुतिसंशोधनास त्यांनी आपल्या गळ्याचे साहाय्य दिले. सवाई गंधर्वांसारखे शिष्य तयार केले. हिराबाई बडोदेकर व सुरेशबाबू माने ही त्यांचीच अपत्ये. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीस जात असता, सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्थानकावर त्यांनी देह ठेवला. त्यांना मिरजेस आणून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात चिरविश्रांती देण्यात आली.

याच दर्ग्यात खाँसाहेब आपली गानसेवा रुजू करीत. त्यांच्या मागे, दरवर्षीच्या उरुसात, त्यांच्या स्मरणार्थ तेथे संगीत सभा भरू लागली. आवारात चिंचेचे झाड, त्याच्याजवळ बैठक, आणि रात्र उलटून जाईपर्यंत गाणे. तेथे तिकीट नाही. गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी यांच्यासारख्यांनी जेथे सेवा केली, तेथेच आदल्या वर्षी शिकावयास लागलेला एखादा मुलगाही गाऊन जातो. मोठ्या कलावंतांस एकत्र आणणारे समारंभ इतरत्रही आहेत. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भीमसेनजींनी १९५३ साली पुण्यात सुरू केलेला महोत्सव तर जगभर गाजला. मिरजेची गोष्ट निराळी एवढ्यासाठी की, तेथे कलावंत आपले नाव घेऊन येत नाही, हजेरी लावावयास येतो. आणखी एक गोष्ट आपल्यासारख्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्या उरुसाचा पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. ज्यांच्या कसबावाचून तबल्याची वादी नाही, त्यांना त्या दारी पहिला मान आहे.

१९९० सालच्या उरुसात उस्तादांनी मला बरोबर नेले. त्या वर्षी उरूस थंडीच्या अखेरीस आला होता. माझे काम उस्तादांचा तबला उचलणे व मागे बसणे, एवढेच होते. मध्यरात्र उलटल्यावर पुण्याहून आलेले एक वयोवृद्ध गायक बैठकीवर आले. त्यांचे ठरलेले तबलजी वाटेत अडकून पडले होते. उस्तादांच्या बोटांना संधिवाताने जखडलेले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मान हलविली. त्या वेळी माझे वय तीस वर्षांचे होते, पण पाय थरथरले ते सोळा वर्षांच्या पोरासारखे.

दंवाने तबल्याची पुडी सैल पडली होती. हातोडीने गजऱ्यावर ठोके देत, गठ्ठे खाली सारत मी तो सुरास आणू लागलो. चढला म्हणावे तोच पुन्हा उतरे. शेकडो माणसे स्तब्ध बसली होती. गवयांनी कसलीही घाई केली नाही. तंबोऱ्याकडे कान लावून, डोळे मिटून ते बसून राहिले. ते तंबोरेही मिरजेचेच. सतारमेकरांच्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या घडत आलेल्या या वाद्यांस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपण वाचलेच असेल. अखेर षड्ज जुळला आणि विलंबित एकताल सुरू झाला.

किराणा घराण्याचा विलंबित म्हणजे साथीदाराच्या संयमाची कसोटी. मात्रा बाराच, पण एक आवर्तन पुरे होण्यास जवळजवळ मिनिट लागते. दोन मात्रांमध्ये एवढी जागा असते की, अननुभवी हाताला तेथे काहीतरी भरण्याचा मोह आवरत नाही. मलाही तो आवरला नाही. समोर मोठमोठे जाणकार बसलेले. गुरवाचा पोर काय शिकला आहे, हे दाखविण्याची हीच वेळ, असे वाटले. चौथ्या आवर्तनात शेवटच्या मात्रांत मी एक तुकडा घुसविला आणि समेवर अर्धी मात्रा आधीच येऊन आदळलो. पुढच्या रांगेतील कोणाच्यातरी तोंडून हळहळ उमटली. मला वाटले, धरणी दुभंगावी.

गवयांनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर रागाची रेषाही नव्हती. त्यांनी गाणे क्षणभर थांबविले, हाताने सम दाखविली, आणि माझ्याकडे थोडे झुकून हलक्या आवाजात विचारले, "घरी देवळाची सेवा आहे, असे तुमचे उस्ताद म्हणत होते. पूजेपूर्वी गाभारा झाडता ना? तसाच ठेका द्या. देव येईल तेव्हा येईल." त्यानंतर तासभर मी एक बोलही जास्त वाजविला नाही. जी जागा मी रिकामी समजत होतो, तीत त्यांचा सूर येऊन बसत होता, हे मला तेव्हा कळले. द्रुत बंदिशीत मात्र त्यांनी स्वतःच हात पुढे करून मला वाजविण्यास सांगितले, आणि लोकांनी टाळ्या दिल्या तेव्हा मान तुकवून त्या माझ्याकडे वळविल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी उस्तादांच्या घरी जेवण होते. एकच लांब सतरंजी अंथरली होती. तीवर गवई, पेटीवाले, तंबोऱ्यावरचे दोन विद्यार्थी, वाद्ये वाहून आणणारा पोरगा आणि मी असे सारे बसलो. भाकरी, वांग्याची भाजी व भात असा साधाच बेत होता. गवयांनी मला आपल्या उजवीकडे बसविले होते. कोण कोणत्या जातीचा हे मी मोजले नाही. मोजण्याचे सुचलेही नाही.

रात्री घरी परतलो. वडील ओट्यावर जागे बसलेले होते. कसे वाजविले, कोण कोण आले होते, बिदागी काय मिळाली, यांपैकी काहीही त्यांनी विचारले नाही. त्यांनी एवढेच विचारले, "जेवलास कोणाच्या पंगतीत?" मी सर्व सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग आत जाऊन त्यांनी खुंटीवरची सनई उतरविली, धोतराच्या सोग्याने पुसली, आणि पुन्हा होती तेथेच टांगून ठेवली. पुढच्या उरुसाला ते स्वतः माझ्याबरोबर आले आणि पहाटेपर्यंत चिंचेपाशी बसले.

२०१२ साली माझ्या मुलीचे लग्न याच गावी झाले. वडील त्या वेळी ऐंशी वर्षांचे होते. पहिल्या पंगतीची पाने मांडली, व्याही मंडळी हात धुऊन निघाली, तोच वडील काठी टेकीत उभे राहिले व म्हणाले, "आधी वाजंत्री." काहींना ते रुचले नाही. मुहूर्ताच्या गडबडीत हे काय काढले, अशी कुजबुज झाली. वडील ढळले नाहीत. सनईवाला, त्याचा सुरवाला आणि संबळ वाजविणारा बारा-तेरा वर्षांचा पोर, अशी तिघांची पाने पहिल्या रांगेत मांडली गेली. त्या पोराला वडिलांनी स्वतःच्या हाताने वाढले. सत्तर वर्षांपूर्वीची एक भूक त्या दिवशी शमली, असे मला वाटते. त्यानंतर दोन वर्षांनी वडील गेले.

बंधुभगिनींनो, आपल्या समाजाचे संत काशिबा गुरव यांचे स्मरण आपण दरवर्षी करतो. अरणच्या सावता माळ्यांचे अभंग त्यांनी लिहून ठेवले, अशी परंपरा सांगते. मळ्यात राबणाऱ्या भक्ताचे शब्द दुसऱ्या एका भक्ताने मनात धरले व कागदावर उतरविले, म्हणून ते आपल्यापर्यंत आले. सावता महाराजांच्या वाणीला ही काशिबांची साथच नव्हे काय? साथ करणे हे कमीपणाचे काम नाही. कमीपणा वाजविण्यात कधीच नव्हता. तो पंगत मांडणाऱ्यांच्या नजरेत होता, आणि आपण मात्र वाद्यालाच दोषी धरून खुंटीस लावले.

म्हणून मंडळापुढे मी दोन विनंत्या ठेवतो. शालेय शिष्यवृत्तीसाठी आपण जो निधी उभारतो, त्यातून दरवर्षी निदान एका होतकरू मुलास किंवा मुलीस वाद्य घेऊन द्यावे. मिरज आपल्यापासून दूर नाही. दुसरी विनंती बिनखर्चाची आहे. समाजातील प्रत्येक कार्यात, मग वाजविणारे कोणत्याही जातीचे असोत, पहिल्या पंगतीत त्यांची पाने मांडावीत. इतरांनी आपल्याशी कसे वागावे हे ठरविणे आपल्या हाती नसेल. आपल्या मांडवात कोण आधी जेवील, हे ठरविणे निश्चितच आपल्या हाती आहे.

आजोबांची सनई अजून आमच्या घरी आहे. माझा नातू तीत फुंकर घालू लागला आहे. सूर अद्याप लागत नाही, लागेल.