पांढऱ्या पेशीचं आडनाव



‘ब्लड कॅन्सर’ हे शब्द कानी पडले की घर हादरतं. मुंबईच्या चाकरमान्याला फोन जातो, जमीन विकायची भाषा सुरू होते. आजच्या विषयातल्या आजाराला ही घाई बहुतेक वेळा नको असते. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, डॉक्टरांच्या बोलण्यात सीएलएल. साठीतला माणूस मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासतो आणि रिपोर्टात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी भरमसाट वाढलेल्या निघतात. दुखत-खुपत काहीच नसतं.

या पेशींतल्या बी जातीच्या पेशी जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं बनवतात. शरीराला जंतू तर लाखो प्रकारचे भेटणार, मग प्रत्येकासाठी वेगळं जनुक आणायचं कुठून? उत्तर दिलं जपानच्या सुसुमु तोनेगावांनी. 1976 साली, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला, त्यांनी उंदराच्या गर्भातला आणि प्रतिपिंड बनवणाऱ्या गाठीतला डीएनए ताडून पाहिला. गर्भात दूरदूर असलेले तुकडे गाठीत जवळ आले होते. पेशीने आपलाच डीएनए कापून नव्याने जोडला होता! 1987 चं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं.

माणसात प्रतिपिंडाच्या जड साखळीचे हे तुकडे 14 व्या गुणसूत्रावर असतात. व्ही गटात कामाचे सुमारे 40, डी गटात 23, जे गटात 6. प्रत्येक गटातला एकेक घेऊन जोडला तरी साडेपाच हजार जुळण्या होतात. शिवाय सांध्यावर काही अक्षरं गळतात, काही नवी भरली जातात. म्हणून दोन पेशींची जुळणी सहसा सारखी नसते. आणि एकदा झालेली जुळणी त्या पेशीच्या साऱ्या वंशात उतरते. मालुसरे आडनाव म्हटलं की आपल्याला उमरठ गाव आठवतं, तशी जुळणीवरून पेशीची कुळी कळते. निरोगी रक्तात असंख्य आडनावं नांदतात. सीएलएलमध्ये एकाच आडनावाच्या पेशींची गर्दी होते.

इथे बायाबापड्या हळूच विचारतात, मुलांना लागेल का हो? ही जुळणी आईबापांकडून येत नाही, पोरांकडे जात नाही. ती त्या पेशीत, हाडाच्या मगजात घडलेली असते. तिच्यापायी कुणाची सोयरीक मोडू नका.

आता मुख्य गोष्ट. काही बी पेशी लसिकाग्रंथीत जातात आणि तिथे आपल्या व्ही तुकड्यात बारीक बदल करून प्रतिपिंड अधिक नेमकं करतात. 1999 साली इंग्लंडमधल्या बोर्नमथच्या टेरी हॅम्ब्लिन यांच्या गटाने 84 रुग्णांचा हा तुकडा वाचला. मूळ जनुकाशी 98 टक्के किंवा जास्त जुळला तर तुकडा न बदललेला, कमी जुळला तर बदललेला. हॅम्ब्लिन यांच्या पहिल्या टप्प्यातल्या रुग्णांत, न बदललेल्यांचं निदानानंतरचं मध्यक आयुष्य 95 महिने होतं, बदललेल्यांचं 293. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गटाचाही असाच निष्कर्ष आला. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी सारख्याच, आजार एकाच नावाचा, आणि फरक सोळा वर्षांहून मोठा! हे आकडे आजच्या औषधांच्या आधीचे आहेत, आता दोन्ही गटांचं आयुष्य लांबलं आहे. पण फरक उरलाच.

मला याहून थक्क करणारी बाब वेगळीच वाटते. जगभरच्या, एकमेकांशी नातं नसलेल्या सीएलएल रुग्णांपैकी जवळपास तिघांतल्या एकाची जुळणी दुसऱ्या कुणाशी तरी मिळतीजुळती निघते. निव्वळ योगायोगाने हे घडणं जवळजवळ अशक्य. म्हणजे पेशीवर ग्राही म्हणून बसलेल्या ठरावीक आकाराच्या प्रतिपिंडांना कशाची तरी चेतवणी मिळत असली पाहिजे. व्ही 3-21 तुकड्याचा एक उपगट तर बदललेला असूनही खोडकर वागतो. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी भारतीय रुग्णांतल्या अशा जुळण्या 2016 मध्ये प्रसिद्ध केल्या. पाश्चात्त्यांपेक्षा हा आजार आपल्याकडे कमी आढळतो, म्हणून आपली माहिती आपणच जमवायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

हे कळून करायचं काय? त्रास नसेल तर लक्ष ठेवायचं आणि थांबायचं. हे दुर्लक्ष नव्हे, हाच उपचार. हिमोग्लोबिन वा प्लेटलेट घसरू लागल्या, वजन झपाट्याने उतरलं, रात्री घामाने अंथरूण भिजू लागलं, गाठी वाढल्या, की औषध. जुनी केमो बदललेल्या गटात अनेकांना वर्षानुवर्षं आराम देते, न बदललेल्या गटात तो फार टिकत नाही. तिथे ग्राहीचा संदेशच अडवणाऱ्या इब्रुटिनिबसारख्या गोळ्या कामी येतात. ज्या घरात पैशाचा हिशेब मांडूनच औषध ठरतं, तिथे व्ही तुकड्याची ही तपासणी आधी झालीच पाहिजे. ती आयुष्यात एकदाच लागते. 17 व्या गुणसूत्रातला बिघाड पाहणारी दुसरी तपासणी मात्र प्रत्येक नव्या उपचाराआधी पुन्हा करावी.

आणि जुलै 2021 चा पूर पाहिलेल्या महाडकरांना आणखी एक विनंती. या रुग्णांची प्रतिपिंडं तोकडी पडतात. पुराच्या पाण्यात, चिखलात त्यांना उतरू देऊ नका. ताप आला तर अंगावर काढू नका. न्यूमोनियाची लस डॉक्टरांना विचारून द्या, जिवंत जंतूंची कोणतीही लस टाळा.

टाटा स्मारक केंद्राचं ॲक्ट्रेक खारघरला, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. व्ही तुकड्याच्या तपासणीला लागते रक्ताची एक छोटी नळी. पोलादपूरच्या सत्तरीतल्या आजोबांनी त्यासाठी एसटीत दिवस घालवायचं कारण नाही. नळी प्रवास करू शकते. ती पोलादपूरहून नियमित निघेल अशी व्यवस्था ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर व्हावी, ही माझी मागणी आहे, आणि ती तुम्हीही लावून धरावी.