शब्दांची सोयरीक

मराठी विद्यार्थी परीक्षा देतो आणि गुरुजी ती घेतात. इंग्रजीत मात्र हा व्यवहार उलटा होतो. तेथे परीक्षा 'टेक' करतो तो विद्यार्थी आणि 'गिव्ह' करतो तो शिक्षक. 'टेक' म्हणजे घेणे व 'गिव्ह' म्हणजे देणे, असे कोशात स्वच्छ लिहिलेले असते. त्या आधारावर आपला विद्यार्थी 'आय गेव्ह द एक्झॅम' असे म्हणतो. व्याकरणाचा एकही नियम त्याने मोडलेला नसतो. तरीही ऐकणाऱ्या इंग्रजाला बोलणारा हा परीक्षकच असावा असे वाटते. हिंदी आणि गुजराती भाषिकांचीही हीच गत होते, कारण त्या भाषांतही परीक्षा दिलीच जाते.

मग चूक कोठे झाली? शब्दाचा अर्थ कळला, पण त्याची सोयरीक कळली नाही, एवढेच.

गंमत अशी की हा 'टेक' मुळात इंग्रजांच्या घरचा नव्हे. प्राचीन इंग्रजीत 'घेणे' या अर्थी 'निमन' हे क्रियापद होते. त्याचा भाऊबंद 'नेमेन' जर्मन भाषेत आजही नांदतो. सुमारे हजार वर्षांपूर्वी स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांनी 'टाका' हा आपला शब्द इंग्लंडात आणला आणि त्याने हळूहळू घरच्या शब्दाला बाहेर काढले. बधिर या अर्थाच्या 'नम्ब' या शब्दात त्या जुन्या क्रियापदाची खूण तेवढी उरली आहे. आलेला पाहुणा मात्र घरचा कारभारी झाला.

या कारभाऱ्याचे काही संबंध आपल्या ओळखीचे आहेत. शपथ, औषध, विश्रांती, काळजी, सूड या गोष्टी इंग्रज 'टेक' करतो आणि मराठी माणूसही घेतो. परंतु येथून पुढे वाटा फुटतात. इंग्रजीत आंघोळही 'टेक' करता येते. आपण ती करतो. तेथे फेरफटकाही 'टेक' करतात. आपण तो मारतो. इंग्रजीत काम वेळ 'टेक' करते. आपल्याकडे कामाला वेळ लागतो. एखादे उपपद मागे लागले म्हणजे तर मूळ अर्थ ओळखू येत नाही. 'टेक ऑफ' म्हटले की विमान आकाशात झेपावते आणि अंगातला कोट उतरतो. मुलगी आईच्या वळणावर गेली, तर ती 'टेक्स आफ्टर' होय. आणि 'टेक इन' झालेला माणूस फसलेला असतो.

यात इंग्रजीचाच काही विक्षिप्तपणा आहे असे समजण्याचे कारण नाही. छायाचित्राचेच पाहा. इंग्रज ते घेतो, मराठी माणूस काढतो, हिंदी भाषिक खेचतो आणि गुजराती भाषिक पाडतो. यंत्र एकच, क्रिया एकच, पण चार भाषांनी चार क्रियापदे जोडली. आपण हाक मारतो, मिठी मारतो, गप्पाही मारतो; यांत मार कोणालाच बसत नाही. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला हे किती चमत्कारिक वाटत असेल!

शब्दांच्या या सहवासाचा पद्धतशीर विचार करणाऱ्यांत जे. आर. फर्थ यांचे नाव प्रमुख आहे. 1919 ते 1928 या काळात ते लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. पुढे लंडन विद्यापीठात त्यांनी भाषाशास्त्राचे अध्यापन केले. शब्दाच्या अर्थाचा एक भाग त्याच्या नेहमीच्या सोबत्यांत असतो, हे त्यांनी 1951 च्या सुमारास आग्रहाने मांडले. त्याआधी 1933 मध्ये हॅरल्ड पामर यांनी तोकियोत इंग्रजी शब्दबंधांचा एक मोठा संग्रह सिद्ध केला होता. जपानी विद्यार्थ्याची अडचण आपल्या विद्यार्थ्याहून निराळी नव्हती.

हा प्रश्न केवळ इंग्रजी शिकणाऱ्यांचा नाही. प्रवाह आता उलट दिशेनेही वाहतो. 'टेक अ बस' या धर्तीवर कोणी 'मी स्टेशनवरून बस घेतली' असे म्हणतो. मराठी कानाला त्याने बस विकत घेतली असे वाटते! 'आंघोळ घेतली' हेही कानी पडू लागले आहे. शब्द सगळे मराठी, पण त्यांची सोयरीक परकी. नवा शब्द भाषेत आला तर तो पाहुणा म्हणून लगेच ओळखू येतो. जोडणी मात्र नकळत बदलते आणि जुनी केव्हा विसरली गेली हे कळतही नाही.

म्हणून शिक्षकाने मुलाला 'टेक म्हणजे घेणे' एवढेच पाठ करावयास लावू नये. परीक्षा, औषध, फेरफटका यांच्यासह तो शब्द शिकवावा आणि शेजारी मराठीची जोडणीही मांडावी. 'आय गेव्ह द एक्झॅम' म्हणणाऱ्या मुलाला हसण्याचे तर मुळीच कारण नाही. त्याने आपल्या भाषेची रीत पाळली. दुसऱ्या घरची रीत निराळी आहे, एवढे त्याला सांगितले म्हणजे पुरे.