नदीतली वाळू उचलायचा हक्क कोणाला?
(महासंघाच्या मासिक बैठकीतील बोलणे)



आज बचत आणि परतफेड जरा बाजूला ठेवू. कारण एक प्रश्न बऱ्याच गटांतून येतो. घरचे म्हणतात, "गटातून कर्ज काढ, ट्रॅक्टर तुझ्या नावावर घेऊ, रात्री नदीतून दोन खेपा मारल्या की हप्ता निघतो." नदी तर सगळ्यांची, मग वाळू उचलली तर बिघडलं काय?

बिघडतं, ताई. नीट ऐका.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966, कलम 48. त्यात सरळ लिहिलंय की जमिनीतल्या खनिजांवर हक्क शासनाचा. वाळू, मुरूम, दगड हे 'गौण खनिज' आहे. म्हणजे नदी गावची असली तरी वाळू सरपंचाची नाही, काठावरच्या शेतकऱ्याची नाही, आणि आधी पोहोचला त्याची तर नाहीच. आपल्या शेतातला मुरूम विकायचा तरी परवानगी लागते आणि स्वामित्वधन भरावं लागतं.

मग उचलू कोण शकतं? ज्याला शासनाने लिलावातून किंवा परवान्याने हक्क दिला, तो. बाई म्हणून कोणाला अडवलेलं नाही. पण पैसे भरले की झालं, असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली सांगितलं की पाच हेक्टरपेक्षा लहान खाणपट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी हवी. वाहतुकीचा पास वेगळा. आणि रात्री उपसा करता येत नाही.

आपल्या निफाडमध्ये आणखी एक गोष्ट. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे नांदूर मध्यमेश्वर आहे. ते अभयारण्य आहे, आणि 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं. तिथे वन्यजीव कायदा 1972 सुद्धा लागतो.

आता पकडलं तर काय? वाळूच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, आणि वाहन जप्त. ट्रॅक्टर तुमच्या नावावर, म्हणजे नोटीस तुमच्या नावाने. चालवणारा दुसराच असतो. ट्रॅक्टर तहसीलच्या आवारात उभा राहतो, पण गटाचा हप्ता थांबत नाही. तो मग बाकीच्या नऊ जणींच्या बचतीतून जातो. म्हणून अशा कर्जाच्या अर्जावर ठराव करताना विचारा: ट्रॅक्टर कशासाठी? काम कुठलं? उत्तर लिहून घ्या.

नुसतं नुकसान दंडाचंच नाही. वाळू पाणी धरून ठेवते. पात्र खरवडलं की काठच्या विहिरी खाली जातात. मग द्राक्षबागेला टँकर, आणि घरी पाणी भरायला आपणच.

हक्काने मिळतं तेही सांगते. घरकुल मंजूर असेल तर 2025 च्या वाळू धोरणात पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत आहे. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ग्रामपंचायतीत आणि तहसीलला अर्ज करा, पोच घ्या. शेतात टाकायला धरणातला गाळ हवा असेल तर 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे. त्यात गाळ मिळतो, वाळू नाही.

आणि आवाज कुठे उठवायचा? ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, हा कायदा आहे. सुरगाणा, पेठसारख्या पेसा भागात गौण खनिजासाठी ग्रामसभेची शिफारस आधी लागते. निफाड पेसात नाही, तरी आपण ठराव मांडू शकतो. आपल्या गावच्या पात्रात कोणाला परवाना दिलाय, किती ब्रासचा, कधीपर्यंतचा, हे माहिती अधिकारात तहसीलदारांना विचारता येतं.

एकटीने रात्री ट्रॅक्टर अडवायला मात्र जाऊ नका. अर्ज करा, तो गटाच्या नावाने, दहा सह्यांनी. एकीचं नाव पुढे येत नाही आणि कागद दाबताही येत नाही.

येत्या महिला सभेत एवढा एकच विषय लिहून द्या: आपल्या नदीचा परवाना कोणाकडे आहे?