इंग्रजी शास्त्रीय शब्दसंपत्ती आणि आपली मुले

(मंडळाच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चालकांनी ह्या समारंभात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तिचा मी आदरपूर्वक स्वीकार केला आहे. सत्कारप्रसंगी वक्त्याने उपदेश करावा आणि विद्यार्थ्यांनी तो मुकाट्याने ऐकून घ्यावा, अशी आपल्याकडे चाल आहे. आज उपदेश बाजूस ठेवून एका व्यवहारी प्रश्नाचा विचार आपणांपुढे मांडण्याचा माझा मानस आहे. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील आपल्या घराघरांतून हा प्रश्न उभा आहे. मराठी शाळेतील मुलगी दहावीस उत्तम गुण मिळविते, विज्ञानशाखेत प्रवेश घेते, आणि दिवाळीच्या आतच तिचा धीर सुटू लागतो. काल ज्यास ती 'प्रकाशसंश्लेषण' म्हणत होती, त्यास आज 'फोटोसिंथेसिस' म्हणावयाचे असते. विषय तिला येत असतो. अडतो तो शब्द. पुढे पदवी घेऊन परदेशी शिक्षणासाठी जी.आर.ई. किंवा आय.ई.एल.टी.एस. देण्याची वेळ आली, म्हणजे हाच शब्द पुन्हा वाट अडवून उभा राहतो.

ह्यावर अनेक पालकांनी एक उपाय काढला आहे. मूल पहिल्यापासूनच इंग्रजी माध्यमात घालावे, म्हणजे झाले! मी त्यांस दोष देत नाही. परंतु जी मुले इंग्रजी माध्यमात वाढली, त्यांतीलही पुष्कळांना शास्त्रविषयक उतारा दिला असता त्याचा आशय सांगता येत नाही, हे शिक्षकांस विचारून पाहावे. बोलण्याचे इंग्रजी निराळे आणि ग्रंथांचे इंग्रजी निराळे. दुकानात, कचेरीत, लोकलच्या डब्यात जे इंग्रजी कानी पडते, त्यात 'हायपोथिसिस' येत नाही, 'इन्फर' येत नाही, 'अंडरमाइन' येत नाही. हे शब्द वाचनानेच येतात, आणि वाचनाची सवय ज्यास नाही त्यास माध्यम तारीत नाही.

ह्या परीक्षांचे स्वरूप कसे पालटले, हे प्रथम पाहू. अमेरिकेतील एस.ए.टी. परीक्षा १९२६ साली सुरू झाली. पूर्वी तीत विरुद्धार्थी शब्द विचारीत असत. ते प्रश्न १९९४ साली काढून टाकण्यात आले. जी.आर.ई.मधूनही तसले प्रश्न २०११ साली गेले. आज एस.ए.टी.च्या वाचन-लेखन विभागात ६४ मिनिटांत ५४ प्रश्न सोडवावयाचे असतात. प्रत्येक प्रश्नामागे २५ ते १५० शब्दांचा एक लहानसा उतारा असतो, आणि काही प्रश्नांत त्या उताऱ्यातील अमुक शब्दाचा अर्थ काय, हे विचारलेले असते. आय.ई.एल.टी.एस.च्या वाचनपरीक्षेत एका तासात तीन दीर्घ उतारे व चाळीस प्रश्न असतात. तात्पर्य, सुट्या शब्दांची घोकंपट्टी करून पार पडावे अशी ही परीक्षा राहिलेली नाही. तरीही हजार-दोन हजार शब्दांच्या जाड याद्या आजही विकल्या जातात, आणि मुले त्या रात्री जागून पाठ करतात. परीक्षेचे शुल्क हजारो रुपये, शिकवणीचे त्याहून अधिक. आणि एका मिळवत्या माणसावर चालणाऱ्या कुटुंबास हा भार कसा पेलावा? म्हणून योग्य दिशेने श्रम कसे करावे, हा प्रश्न मला केवळ भाषेचा वाटत नाही. तो न्यायाचा वाटतो.

किती शब्द यावे लागतात, ह्याचा विद्वानांनी हिशेब केलेला आहे. मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षणाधिकारी ढाक्यास होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचावयास कसे शिकवावे, ह्याचा विचार त्यांनी तेथेच केला. त्यांची सुमारे दोन हजार नित्योपयोगी शब्दांची यादी १९५३ साली प्रसिद्ध झाली. पुढे न्यूझीलंडमधील व्हिक्टोरिया विद्यापीठात एव्हरिल कॉक्सहेड ह्या विदुषींनी विद्यापीठीय ग्रंथांतील सुमारे पस्तीस लक्ष शब्द तपासून, सर्व शाखांत वारंवार येणारी ५७० शब्दकुळे निवडली. ती यादी २००० साली प्रसिद्ध झाली. वेस्ट ह्यांच्या यादीने शास्त्रीय उताऱ्यातील सुमारे तीन-चतुर्थांश शब्द उलगडतात, आणि ह्या ५७० कुळांनी आणखी दहा टक्के. राहिलेले शब्द त्या त्या शास्त्राचे. आता हिशेब करा. दररोज तीनच शब्द घेतले, तर १९० दिवसांत ५७० पुरे होतात. जूनमध्ये शाळा उघडताना आरंभ करावा, तो नाताळापर्यंत काम तडीस जाते. हे काम डोंगराएवढे नाही. नित्यनेम मात्र हवा.

अनोळखी शब्दांपेक्षाही ओळखीचे शब्द अधिक फसवितात, हे विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवावे. 'वर्क' म्हणजे काम; परंतु भौतिकशास्त्रात भिंत तासभर ढकलली आणि ती हलली नाही, तर भिंतीवर झालेले कार्य शून्य! 'कल्चर' म्हणजे संस्कृती. जीवशास्त्रात ते काचपात्रात वाढविलेले जंतू. 'सोल्यूशन' म्हणजे उत्तर, रसायनशास्त्रात द्रावण. 'नॉव्हेल' म्हणजे कादंबरी असे आपण जाणतो, परंतु २०२० साली 'नॉव्हेल कोरोनाव्हायरस' हे नाव घरोघरी पोहोचले तेव्हा त्याचा अर्थ 'नवा' एवढाच होता. 'क्वालिफाय' म्हणजे पात्र ठरणे. पण एखाद्या लेखकाने आपले विधान 'क्वालिफाय' केले म्हणजे त्यास मर्यादा घातली. परीक्षक नेमके असेच शब्द निवडतात, कारण ज्याने वाक्य वाचले तोच येथे तरतो.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे वळतो. इंग्रजी शास्त्रीय शब्द बहुतांशी ग्रीक आणि लॅटिन धातूंपासून घडलेले आहेत, आणि ह्या दोन्ही भाषा आपल्या संस्कृतच्या सख्ख्या बहिणी आहेत. म्हणून मराठी मुलाच्या हाती जी किल्ली आहे, तिची त्यास जाणीव करून देणे हे आपले काम होय. 'पेरिमीटर' हा शब्द घ्या. 'पेरि' म्हणजे 'परि' आणि 'मीटर' म्हणजे 'मिती'; पाचवीतला मुलगा ज्यास 'परिमिती' म्हणतो तोच हा शब्द. 'डेंटल'मध्ये दंत आहे, 'नेव्हिगेशन'मध्ये नौ आहे, 'जेनेटिक्स'मध्ये 'जन्' धातू आहे, आणि आपण 'जनुक' म्हणतो ते त्याच धातूवरून. ज्या काळ्या पाषाणावर आपला सह्याद्री उभा आहे, त्यास भूगोलात 'इग्निअस' खडक म्हणतात. त्या शब्दात साक्षात अग्नी बसलेला आहे, आणि आपले 'अग्निज' हे नाव तेच सांगते. 'हायड्रोजन'मधील 'हायड्रो' हे आपल्या 'उदका'चे नातलग आणि 'जन' तर आपलेच. म्हणून जुन्या परिभाषेत त्यास 'उद्‌जन' असे नाव दिले होते. 'अ' किंवा 'अन्' लावून नकार दाखविण्याची रीतही दोन्हीकडे सारखीच. 'अ‍ॅनहायड्रस' म्हणजे ज्यात पाणी नाही ते.

नात्याचा नसला तरी अर्थाने जुळणारा शब्द मराठीत बहुधा असतोच. 'फोटो' म्हणजे प्रकाश, 'सिंथेसिस' म्हणजे संश्लेषण. मराठी शब्द हे इंग्रजी शब्दाचे भाष्यच आहे. दाते-कर्वे ह्यांचा 'शास्त्रीय परिभाषा कोश' १९४८ साली निघाला. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि त्याने विषयवार परिभाषा कोश तयार केले. आज ते आंतरजालावर विनामूल्य पाहता येतात. ह्या कोशांची थट्टा करणारे पुष्कळ भेटतात. मात्र मुलास इंग्रजी शब्द समजावून देण्यास त्यांसारखे साधन नाही. एक सावधगिरीची सूचना करतो. उच्चाराच्या साम्यावर विसंबू नये. 'अ‍ॅनालिसिस'च्या आरंभीचा 'अ‍ॅन' हा नकाराचा नव्हे. कोश उघडून खात्री करावी. तेथे कळते की 'लिसिस' म्हणजे सोडविणे, सुटे करणे. मग 'हायड्रोलिसिस' आणि 'इलेक्ट्रोलिसिस' हे शब्द वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

शब्दांबरोबर वाक्याची वळणेही ओळखावी लागतात. शास्त्रज्ञ सहसा 'प्रूव्ह' म्हणत नाही, 'सजेस्ट' म्हणतो. 'इज' म्हणत नाही, 'मे बी' म्हणतो. मराठीत 'आहे' आणि 'असावे' ह्यांत जे अंतर, तेच हे. 'हाउएव्हर' आला की विचाराने वळण घेतले असे समजावे, कारण लेखकाचे खरे म्हणणे बहुधा त्यापुढे असते. ही दृष्टी ज्यास आली, तो एखादा शब्द अडला तरी उतारा सोडीत नाही.

हे सर्व आपल्या मुलांना जमेल काय, अशी शंका ज्यांच्या मनात येत असेल त्यांनी कल्याणचेच उदाहरण आठवावे. डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणास झाला. नवव्या वर्षी विवाह झालेली ही मुलगी घरी इंग्रजी शिकली, १८८३ साली एकटी समुद्र ओलांडून अमेरिकेस गेली, आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाली. तिच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र, आणि त्यात तिने आयुर्वेदीय ग्रंथ आणि अमेरिकन पाठ्यपुस्तके ह्या दोहोंचा आधार घेतला. परकी विद्या शिकताना आपले ज्ञान टाकून द्यावे लागत नाही, हे तिने त्या काळी दाखवून दिले. पुढल्याच वर्षी, बावीस वर्षे पुरी होण्याआधी, ती निवर्तली. तिचा धडा मात्र जिवंत आहे. त्याही आधी, १८३२ साली, बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले, ते इंग्रजी आणि मराठी स्तंभ शेजारी शेजारी छापून. दोन भाषा एका पानावर ठेवून शिकण्याची ही रीत आपल्याकडे जुनीच आहे.

आता मंडळापुढे काही सूचना नम्रपणे ठेवतो. प्रत्येक विद्यार्थ्याने एक वही करावी. डाव्या पानावर इंग्रजी शब्द ज्या वाक्यात भेटला ते संपूर्ण वाक्य. उजव्या पानावर मराठी प्रतिशब्द, शब्दाची फोड आणि स्वतः रचलेले एक वाक्य. तो शब्द दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा पाहावा. एकदा पाहिलेला शब्द पाहुण्यासारखा असतो, राहावयास येत नाही. रविवारी मंडळाच्या सभागृहात दोन तासांचा वाचनवर्ग भरवावा. एक लहान शास्त्रीय उतारा सर्वांनी वाचावा आणि त्याचा आशय प्रथम मराठीत सांगावा. ज्यास मराठीत सांगता आला, त्यास तो कळला. शिकवावयास आपलेच अभियांत्रिकी व वैद्यकीय शाखेतील तरुण आणि निवृत्त शिक्षक यावेत. त्यास द्रव्य लागत नाही. ग्रंथांसाठी कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. मुलांस तेथील सभासद करून द्यावे. दरवर्षी गुणांसाठी आपण पारितोषिके देतो. त्यांत उत्तम शब्दवहीसाठी एक पारितोषिक वाढवावे. ते श्रमाचे असेल आणि कोणत्याही घरातील मुलास मिळविता येईल.

पालकांस एवढेच सांगावयाचे आहे की, मुलांशी घरी मोडके इंग्रजी बोलण्यापेक्षा उत्तम मराठी बोला. ज्यास आपल्या भाषेत सूक्ष्म भेद करता येतो, त्यास दुसऱ्या भाषेतील भेदही दिसू लागतो. विद्यार्थ्यांनो, आज तुम्हांस जी प्रशस्तिपत्रे मिळाली त्यांचा आम्हां सर्वांस अभिमान आहे. उद्यापासून तीन शब्द. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शिकवणीस पैसा नाही, त्यांच्यासाठी रविवारचा वर्ग उघडा ठेवणे हे आम्हां वडीलधाऱ्यांचे कर्तव्य आहे, आणि ते मंडळ पार पाडील असा मला भरवसा वाटतो.