पॉलिश आणि जवारी

कविता लिहिणाऱ्या माणसानं कवितेवर बोलावं, अशी आपली अपेक्षा असेल. पण आज मी एका जुन्या तंबोऱ्याबद्दल बोलणार आहे. हा तंबोरा मी दुरुस्त केला आणि दुरुस्त करता करता बिघडवला, त्याची ही हकिगत.

लग्न होऊन आली तेव्हा माझ्या पत्नीबरोबर माहेरचा तंबोरा आला होता. अडचणीच्या एका वर्षी आम्ही तो विकला. ती त्याबद्दल कधी बोलली नाही. गाणं मात्र थांबलं. बऱ्याच वर्षांनी परतवाड्याला जुन्या सामानाच्या दुकानात एक तंबोरा दिसला. भोपळ्याला तडा, खुंट्या सैल, पॉलिश काळवंडलेलं. मोडीच्या भावात घेतला आणि घाट चढून चिखलदऱ्याला आणला. आपल्या हातानं नवा करून तिच्यापुढे ठेवावा, असं मनात होतं.

तंबोऱ्याची रचना साधी दिसते. खाली वाळवलेला भोपळा, त्याच्या तोंडावर पातळ लाकडी तबली, वर पोकळ दांडी आणि चार खुंट्या. तबलीवर घोडी असते, तिच्यावरून चार तारा जातात. लाकूड बहुधा तुणीचं. ते हलकं असतं आणि त्याला कीड सहसा लागत नाही. अरबांच्या एका तंतुवाद्याचं नावच ऊद, म्हणजे लाकूड. सुगंधी लाकडाचा तोच ऊद आपल्या उदबत्तीत आला आहे.

मी घाई केली ती जुलैत. आमचं गाव सुमारे ११०० मीटर उंचीवर. पावसाळ्यात ढग घरात येतात, पांघरुणंसुद्धा ओलसर लागतात. अशा हवेत भोपळ्याच्या तड्यात सरस भरला. तो वाळलाच नाही, तडा पुन्हा उघडला. जुनं पॉलिश खरवडून काढलं, चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवली आणि कापडाच्या बोळ्यानं हात मारले. दुसऱ्या दिवशी तबलीवर पांढुरके डाग! हवेतला ओलावा लाखेच्या थरात अडकला की असं होतं, हे नंतर कळलं. सगळं काढून टाकलं आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत पुन्हा केलं. तडा सांधला, पॉलिशचे पातळ हात एकावर एक दिले, सैल खुंट्यांना खडूची पूड लावली. तंबोरा चकाकू लागला.

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. घोडीवर तारांनी पाडलेल्या बारीक खाचा दिसत होत्या. पॉलिश पेपर हातात होताच. घोडीही घासून सपाट, गुळगुळीत केली. तारा चढवल्या. पत्नीनं त्या छेडल्या, क्षणभर ऐकलं आणि म्हणाली, "दिसतो छान. पण बोलत नाही."

घोडीचा माथा सपाट वाटतो, पण त्याला अगदी किंचित उतार असतो. तार थरथरताना त्या उतारावर ओझरती टेकत राहते आणि मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे स्वरही उमटतात. तारेखाली सुताचा धागा सरकवून तो स्पर्श नेमका साधायचा असतो. हीच जवारी. खाचा काढायला हव्या होत्या हे खरं, पण उतार राखून. मी उतारच घासून टाकला होता.

मग बडनेऱ्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं मिरज गाठलं. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची मागणी घटली तेव्हा फरीदसाहेबांनी वाद्यं बनवायला घेतली. पुढं तो पिढ्यांचा व्यवसाय झाला. भोपळे येतात पंढरपूरच्या बाजूच्या शेतांतून. १९३७ साली निवर्तलेले अब्दुल करीम खाँसाहेब याच गावी राहिले. मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

ज्या वृद्ध कारागिराकडे गेलो, त्यांनी माझ्या पॉलिशकडे पाहिलंच नाही. बोटानं घोडी चाचपली आणि नवी लागेल म्हणाले. मी म्हटलं, "चाचा, जवारी मला शिकवा. पुढच्या वेळी घरीच करीन." ते हसले. "कानस कशी धरायची ते आत्ता दाखवतो. कुठं थांबायचं ते कान सांगतो. तो कान एका दिवसात कसा देऊ?"

नवी घोडी बसवून ते कामाला लागले. दोन-तीनदा कानस फिरवायची, तार चढवायची, ऐकायचं, पुन्हा तार उतरवायची. सारी दुपार त्यात गेली. कवितेत खोडलेली ओळ पुन्हा लिहिता येते. घोडीवरून गेलेला कण परत येत नाही. म्हणून तो हात इतका सावकाश चालत होता.

जुनं वाद्य घेणाऱ्या नवशिक्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तडा, खुंट्या, पॉलिश ही कामं कोरड्या दिवसांत, धीरानं केली तर घरी जमतील. जवारी मात्र जाणत्याच्या हाती सोपवा, आणि असे जाणते आहेत तोवर त्यांच्याकडे जा.

पत्नी आता संध्याकाळी तारा जुळवते. पंचम, मग जोडीच्या दोन, मग खर्ज. पूर्वीचा तंबोरा आम्ही विकला, हे यानं पुसलं जात नाही. पण ती गाते. भोपळ्यावरचा सांधलेला तडा मी रंगानं झाकलेला नाही.